चौघींना पाच ढीग

मामा, तुमचा राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं, एवढी रीत मलाही माहीत आहे. संस्थेच्या अहवालांत मी इतक्या श्रद्धांजल्या लिहिल्यात की पेन हातात घेतलं की आपोआप 'मनमिळाऊ' आणि 'कष्टाळू' हेच शब्द उतरतात. तुम्ही कष्टाळू होता. मनमिळाऊ मात्र नव्हता. घोड्यांशी असाल, माणसांशी बिलकुल नव्हता. चेअरमनपासून डॉक्टरपर्यंत कुणालाही तोंडावर बोलायला तुम्ही भ्याला नाहीत. आणि ज्या एका दिवशी खरंच बोलायला पाहिजे होतं, नेमका तोच दिवस गप्प बसायला निवडलात. त्याचा राग आहे.

तुम्हाला पोचवायला आलो होतो. नांदूरघाटच्या अलीकडं, तुमच्या भावाच्या शेतात. माणसं थोडी होती. माझ्या शेजारी लतीफभाई उभे होते. ते हळूच म्हणाले, "आदमी लाख का था, सेक्रेटरी. एकच गलती झाली बिचाऱ्याच्या हातून." आजूबाजूच्या दोघातिघांनी मान हलवली. मीही हलवली. तुमच्या चितेपासून वीस पावलांवर उभं राहून मी मान हलवली, मामा. त्या रात्रीपासून मान दुखते म्हणून बायको बाम चोळतेय. कशानं दुखते ते तिला अजून सांगितलं नाही. ती हे छापून आल्यावर वाचेल.

साप्ताहिकाच्या संपादकांनी 'आठवणी लिहा' म्हणून जागा दिली आहे. वाचणारांत निम्मे तुम्हाला ओळखत नसतील, आणि जे ओळखतात ते 'नूरीला मारणारा' म्हणून ओळखतात. म्हणून पहिल्यापासून सांगावं लागेल.

त्या दुष्काळात जागोजाग गुरांच्या छावण्या उघडल्या होत्या. लतीफभाईंनी आपली नूरी, वरातीची पांढरी घोडी, पार कडा गावाच्या बाजूच्या छावणीपर्यंत चालवत नेली. दारात नाव लिहून घेणारा म्हणाला, कागदावर गाय, बैल, म्हैस एवढंच आहे, घोडी कुठं लिहू? लतीफभाई म्हणाले, म्हैस म्हणून लिही, ती काही बोलणार नाही. त्यानं लिहिलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांना असेच परत फिरवलेले आणखी दोन घोडीवाले भेटले. गुरांना छावणी, घोड्यांना काहीच नाही, या वैतागातून आमची अश्वपालकांची सहकारी संस्था उभी राहिली. अकरा सभासद, अकरा घोड्या. कोरड्या पडलेल्या पाझर तलावाच्या कडेची पडीक जमीन भाड्यानं घेतली, पत्र्याचं लांब शेड घातलं. पुढं बाहेरचे लोकही आपली जनावरं सांभाळायला ठेवू लागले. सगळ्यांत शेवटी केजच्या एका डॉक्टरांची उंच मारवाडी घोडी आली, तिचं नाव बिजली. मी सेक्रेटरी झालो. आमच्या वस्तीतून सेक्रेटरी झालेला पहिलाच मी. आई सगळ्यांना सांगायची, माझा पोरगा सही करतो आन् मग चारा येतो.

आणि घोड्या सांभाळायला तुम्ही आलात, सगळ्यांचे मामा. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, बिऱ्हाड वाहणारी तट्टं सांभाळलेला. आलात त्या दिवशी शेडमधून एक फेरी मारलीत आणि मला विचारलंत, ह्या बांधल्यात कावून?

मला प्रश्नच कळला नाही. घोडी बांधूनच ठेवायची असते. पुढून अगाडी, मागच्या पायांना पिछाडी, वरात आली की सोडायची, नाचवायची, आणून पुन्हा बांधायची. आमच्याकडं सगळे तसंच करत आले. तुम्ही म्हणालात, "चार पाय दिलेत देवानं, चारी बांधून ठेवलेत तुमी. मग लाथा मारती म्हणून बोंबलता."

आठ दिवसांत तुम्ही बाभळीच्या फांद्यांनी त्या पडीक रानाचे तीन कप्पे केलेत आणि घोड्यांना मोकळं सोडायला लागलात. पहिल्या दिवशी नूरी सुटल्यावर जागची हललीच नाही. दावणीइतक्याच जागेत पुढं-मागं होत राहिली. लतीफभाई कुंपणापाशी उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी ती पळाली, धुरळ्यात लोळली, उठून अंग झाडलं, आणि लतीफभाई लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते.

तुम्ही कसं सोडायचात ते मी रोज बघत होतो. आधी प्रत्येकीला जाग्यावरच थोडा कडबा, म्हणजे भुकेलेली घोडी रानात जायला नको. घोडी आत नेली की तिचं तोंड पुन्हा दरवाजाकडं वळवायचं आणि मगच तोंडावरची दोरी, मोरखी, काढायची, म्हणजे ती उधळली तरी लाथ आपल्यापासून लांब. नवी घोडी असेल तर आठ दिवस कुंपणाच्या पलीकडच्या कप्प्यात, नुसती बघाबघी. ऊन चढायच्या आत सगळ्या परत. रानात गवत नव्हतंच, म्हणून चारा आत टाकावा लागे. तो तुम्ही गोणपाटावर टाकायचात, नाहीतर घोड्या चाऱ्याबरोबर माती खातात आणि पोट धरतं. आणि मोजून एक ढीग जास्त. तिघी असल्या तर चार ढीग, चौघी असल्या तर पाच, एकमेकींपासून लांब लांब. एकीनं दुसरीला हाकललं तर हाकललेलीला जायला जागा पाहिजे, एवढंच त्यामागचं शास्त्र. तुम्ही मला ते निदान वीस वेळा सांगितलं असेल. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो.

आपलं भांडण त्या फळ्यावरून झालं. ते अजून मिटलेलं नाही, आणि आता मला एकट्यालाच भांडावं लागतंय.

दुष्काळ लांबला तसे सभासद एकमेकांकडं बघायला लागले. कुणाची घोडी किती वेळ मोकळी असते, कुणाच्या वाट्याला तलावाकडचा सावलीचा कप्पा येतो. सर्वसाधारण सभेत दीड तास फक्त यावर गोंधळ झाला. एक जण म्हणाला, मामा लतीफभाईच्या घोडीला सकाळी सोडतात आणि माझीला उन्हात. दुसरा म्हणाला, माझा शेअर काय फाटका आहे का? चेअरमननी निकाल दिला: सहकार म्हणजे सगळे समान. सभासद क्रमांकाप्रमाणं रोज चार घोड्या एकत्र, प्रत्येकीला दोन तास, कप्पे आळीपाळीनं, बाहेरच्या घोड्याही त्यातच. सेक्रेटरींनी फळा करावा.

मी फळा केला. चांगला केला, मामा. पट्टीनं आखला, वर घोडीचं नाव, खाली वेळ, शेवटच्या रकान्यात सोडणाऱ्याचं नाव. सगळ्या सभासदांनी वाखाणला. तुम्ही बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "घोड्यायलाबी सभासद करून घेतलं का काय, भाचे?"

सगळे हसले. मी पण हसलो, पण मला झोंबलं होतं. मी म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, नाहीतर उद्या ज्याचा आवाज मोठा त्याचीच घोडी सुटेल. आमच्या लोकांनी 'तुझा नंबर नंतर' हे पिढ्यान्पिढ्या ऐकलंय, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही म्हणालात, माणसाचं बराबर हाय, पर हिचं आन् तिचं पटत न्हाई त्याला तुमचा फळा काय करील? आजही मला वाटतं, आपण दोघंही बरोबर होतो. समान वाटा पाहिजेच होता. फक्त कोण कुणाबरोबर जाईल, हे नंबरावर टाकायला नको होतं. हे एवढं वाक्य तेव्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. तुम्ही टोमणे मारत राहिलात, मी फळा पुसून पुसून नवा लिहीत राहिलो. शेवटी तुम्ही फळ्याकडं बघायचात आणि तुमच्या मनासारखं करायचात. मला ते दिसायचं. सभासद काही विचारायचं झालं की मला ओलांडून तुमच्याकडं जायचे, तेही दिसायचं.

आता तो दिवस.

आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. धर्मापुरीहून निरोप आला होता, लेकीचे दिवस भरले होते आणि काहीतरी अडलं होतं. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो म्हणालात. मी म्हणालो, जा. तुम्ही दारापर्यंत गेलात आणि परत फिरलात. "उद्या सोडूच नका. एक दिस बांधून ऱ्हायल्या तर काय होत न्हाई. सोडायचंच झालं तर बिजलीला येगळी ठिवा, लई तापट हाय ती. आन् चौघीला पाच ढीग, लांब लांब." मी कागदावरून मान वर न काढता म्हणालो, बरं.

फळ्यावर दुसऱ्या दिवसासाठी तुमचं नाव लिहिलेलं होतं. मी ते पुसलं नाही. मुद्दाम ठेवलं असं नाही. उठायचा कंटाळा आला.

सकाळी मी शेडवर गेलो. सोडायची काहीच गरज नव्हती. पण मला वाटलं, आज मामा नाहीत, आज फळ्याप्रमाणं तंतोतंत सोडून दाखवू. या माणसावाचून काही अडत नाही, एवढंच मला एकदा सिद्ध करायचं होतं. फळ्यावर त्या दिवशी चार नावं होती: लतीफभाईंची नूरी, आणखी दोन, आणि बिजली. बिजली येऊन चार दिवस झाले होते. मागच्या पायांना नाल होते.

चौघींना मी एकेक करून आत नेलं आणि मोकळं केलं. मग चाऱ्याची पेंढी घेऊन आत शिरलो आणि मामा, दरवाजापाशीच थबकलो. चार मोकळी जनावरं, माझ्या हातात चारा, चौघींची तोंडं माझ्याकडं. तोपर्यंत मी कधी त्यांच्यामधून चाललोच नव्हतो, नेहमी कुंपणाबाहेरून बघितलं होतं. पाच ढीग म्हणजे रानाच्या पार त्या टोकापर्यंत जायचं. मी अख्खी पेंढी दरवाजाच्या कोपऱ्यात टाकली, गोणपाट न टाकता मातीतच, एकच ढीग, आणि बाहेर येऊन कडी लावली.

पाच मिनिटंही लागली नाहीत. बिजलीनं कान मागं टाकले, बाकीच्या दोघी बाजूला झाल्या. नूरी कोपऱ्यात सापडली. तिच्या मागं बाभळीचं कुंपण, पुढं बिजली. तिला जायला जागा नव्हती. मोडल्याचा आवाज मला कडीपाशी ऐकू आला.

जनावरांचे डॉक्टर आले. पायाचं हाड बाहेर आलेलं बघून त्यांनी शेवटचं इंजेक्शन भरलं. लतीफभाईंनी नूरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजेक्शन दिल्यावरही ते बराच वेळ तसेच बसून होते.

संध्याकाळी संचालकांची बैठक. तुम्ही धर्मापुरीहून परत आलात ते थेट तिथंच, टोपीवर प्रवासाची धूळ. लेक सुटली, पोरगी झाली, एवढं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. चेअरमननी मला विचारलं, आज सोडायची पाळी कुणाची होती? मी म्हणालो, "फळ्यावर मामांचं नाव आहे."

हे वाक्य मी किती वेळा तपासून बघितलंय. त्यात एक अक्षर खोटं नाही. इतकी वर्षं मी त्याच अक्षराला धरून बसलो.

चेअरमन तुमच्याकडं वळले. कुठं होता? तुम्ही म्हणालात, लेकीकडं गेलतो. कुणाला सांगून? तुम्ही माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नवीन घोडीकडं बघायचात तसं, ही काय करतीय ते बघू, अशा नजरेनं. मी टेबलावरच्या कागदाकडं बघत होतो.  मग तुम्ही म्हणालात, "चुकलंच."

का, मामा? एक शब्द पुरला असता. 'भाच्याला सांगितलं होतं.' एवढंच. मी नाकारलं असतं का? कदाचित नाकारलं असतं. पण निदान तुम्ही बोललात असं तरी झालं असतं. भांडण झालं असतं, शिव्या झाल्या असत्या, कुणीतरी माझी कॉलर धरली असती, आणि मी आज असा मान चोळत बसलो नसतो. ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्यानं तेवढं एकच ऐकून घेतलं. माझ्या नोकरीची दया आली का? का मला इतकं हलकं ओळखलं, की बोलण्यातही अर्थ नाही असं वाटलं? दोन्हींपैकी काहीही असो, मला राग येतो.

तुम्हाला काढलं. घोडीवाल्यांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. तुमच्या हातात पुन्हा कुणी मोरखी दिली नाही. तुम्ही दुसऱ्याच्या मेंढरांमागं गेलात. पुढं पाऊस झाला, सभासदांनी आपापल्या घोड्या घरी नेऊन पुन्हा चारी पायांनी बांधल्या, संस्था गुंडाळली. मी केजला पतसंस्थेत लागलो. लतीफभाईंनी दुसरी घोडी घेतली नाही, रिक्षा घेतली.

एकदा तुम्ही मला केजच्या बाजारात भेटलात. मी जयभीम मामा म्हणालो. तुम्ही म्हणालात, राम राम साहेब. आधी भाचे म्हणायचात. मी ओढूनच हॉटेलात नेलं. तुम्ही चहा बशीत ओतून प्यायलात, पाण्याचं बोललात, धर्मापुरीची नात शाळेत जाते ते सांगितलंत. तिचं वय ऐकलं आणि मी मनात नूरीला किती वर्षं झाली ते मोजलं. तुम्हीही मोजलं असेल. शब्द तोंडाशी आला होता. तुम्ही उठलात, धोतर झटकलंत, गाडी चुकंल म्हणालात. मी बसवून घेतलं नाही.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं मी लतीफभाईंच्या रिक्षात बसलो. कुठं जायचं विचारलं तर म्हणालो, कुठंही चला. रस्त्यात सगळं सांगितलं: फळा, बिजली, तो एक ढीग. त्यांनी रिक्षा बाजूला घेतली, बंद केली. मागं वळले नाहीत. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "मला काय सांगतो बे? मी त्या माणसाशी इतकी वर्षं बोललो नाही. जा, जिथं सांगायचं तिथं सांग." मी उतरलो. ते गेले. चार किलोमीटर चालत आलो. खरं सांगू, मला मारतील असं वाटलं होतं, आणि मारलं नाही याचंच वाईट वाटलं.

तेराव्याला मी आलो. पंगत बसायच्या आधी माणसं मांडवात टेकली होती. तुमचा भाऊ, धर्मापुरीची लेक, जुने चार-पाच सभासद. लतीफभाई पण आले होते, खांबाला टेकून उभे. मामी भिंतीपाशी बसल्या होत्या. आधी त्यांच्यापाशी गेलो, म्हटलं त्यांना तरी अगोदर सांगावं. अर्धं सांगून झालं तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, मला म्हाईत हाय. घरी यिऊन सांगितलं हुतं त्यांनी. मी म्हणालो, मग ते तिथं का बोलले नाहीत? मामी म्हणाल्या, "ते म्हणायचे, चूक माझीच. त्या पोराला मी धड शिकवलंच न्हाई. नुसता फळ्यावरून चिडवीत ऱ्हायलो."

मामा, हे मात्र अति झालं. माझ्या खोटेपणावर तुम्ही असलं पांघरूण घालून गेलात, आणि तेही जन्मभर खरं मानून.

मी उभा राहिलो. मला सभेत बोलायची सवय आहे, पण आवाज अगदी बारीक निघाला. मी म्हणालो, नूरीला मामांनी सोडलं नव्हतं. मामा मला सांगून गेले होते. मी सोडलं, आणि मी ते लपवलं. झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तुमचा भाऊ म्हणाला, जाऊ द्या साहेब, माणूस गेला आता, कशाला जुनं काढता, बसा, जेवा. कुणीतरी पत्रावळ्या आणायला उठलं. जुना एक सभासद म्हणाला, होतं असं कधीकधी. एवढी वर्षं मी ज्याला भीत होतो ते हेच होतं, एक 'होतं असं कधीकधी'. मला ओरडावंसं वाटलं.

मामी भिंतीला धरून उठल्या.  मागच्या बाजूला हात करून म्हणाल्या, "तिकडच्यायला ऐकू गेलं न्हाई. परत सांगा. मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी पहिल्यापासून, नावं घेऊन, आदल्या संध्याकाळपासून. आणि शेवटी, पहिल्या वेळी जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं: त्यांनी मला सगळं शिकवलं होतं, नीट शिकवलं होतं, मला ते येत होतं.

मामी खाली बसल्या. मग त्यांनी लेकीला सांगितलं, पानं वाढा.